मारुतीमामांचं डावं मनगट

मारुतीमामा शिगवण माझ्याकडे बावीस वर्षं होते आणि या बावीस वर्षांत त्यांनी स्वतः आधी करंट घेतल्याशिवाय एकाही पेशंटला मशीन लावलं नाही. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक डोंबिवली पूर्वेला आहे, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गुडघे दुखणाऱ्या लोकांना जिना चढायला लावणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. पेशंट धापा टाकत वर पोचेपर्यंत मामा दारात खुर्ची मांडून उभे असायचे आणि म्हणायचे, "बसा, मॅडमनी पहिला व्यायाम जिन्यातच करून घेतला."

मग पेशंटला पलंगावर झोपवायचं, पॅडना जेल लावायचं, आणि ते दोन्ही पॅड आधी स्वतःच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बटण हळूहळू फिरवायचं. मुंग्या आल्या की मान डोलवायची, बटण पुन्हा शून्यावर आणायचं, आणि मग पॅड पेशंटच्या गुडघ्याला. असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मशीनवर आकडे असतात, ते वाचायचे असतात. पण मामा पूर्वी कल्याणच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते, आणि तिथे एकदा बिघडलेल्या मशीनने एका म्हाताऱ्याला असा झटका दिला होता की तो माणूस लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून मामांचा आकड्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. मी रागावले की म्हणायचे, "मॅडम, माझं मनगट खोटं बोलत नाही." माणगावजवळच्या गावातून आलेला, दहावीला गणितात गेलेला हा माणूस माझ्या दोन पदव्या अशा निकालात काढायचा, आणि मी चिडून का होईना, ऐकून घ्यायची.

दुसऱ्या एका गोष्टीवरून मात्र आमची खरी भांडणं व्हायची. रंभाकाकू म्हणून ऐंशीच्या पुढच्या एक बाई आमच्याकडे यायच्या. त्यांना पेसमेकर बसवलेला, म्हणजे करंट द्यायचा प्रश्नच नव्हता. पण काकूंना मशीन हवंच असायचं. नुसत्या व्यायामाला त्या उपचार मानत नसत. मामा त्यांच्या पाठीला पॅड चिकटवायचे, वायर मात्र मशीनला जोडायचेच नाहीत, आणि मशीनचा लाल दिवा लावून अर्धा तास त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकायचे. मधूनच विचारायचे, "काकू, मुंग्या येतात ना?" काकू म्हणायच्या, "आज जरा जोरात आहेत." हे मला कळलं त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मामा, ही फसवणूक आहे." ते म्हणाले, "त्यांना बरं वाटतं ना? मग?" मी बरंच काही बोलले, त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि पुढच्या मंगळवारी काकूंच्या पाठीला पुन्हा पॅड लागले. मीही नंतर तिकडे बघायचं सोडून दिलं.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती सांगायची मला लाज वाटते आणि पुढे ढकलली तर राहूनच जाईल. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवं मशीन घेतलं. ते आल्यावर मी पॅडची एक जोडी माझ्या हाताला लावली, मामांनी दुसरी त्यांच्या मनगटाला, आणि दोन्हीकडे सारखाच करंट वाढवत नेला. माझ्या हाताला चांगलं टोचायला लागलं तरी मामा म्हणत होते, "अजून आलाच नाही." मी हसत म्हटलं, "मामा, तुमचं मनगट गेंड्याचं झालंय. आता उजव्या हाताने बघत जा." तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डावं मनगट. एका माणसाच्या हातातली संवेदना कमी होत चालली आहे हे मला समोर दिसत होतं. मी नसांवरच पोट भरते, आणि मी त्यावर विनोद करून पुढच्या पेशंटकडे वळले.

मामांच्या बायकोचं नाव वासंती. आम्ही सगळे त्यांना मामी म्हणायचो. दोघं आणि मुलगी करिश्मा आंबिवलीला राहायची; करिश्मा ठाण्यात एका बँकेच्या ऑफिसात नोकरीला. मामी डोंबिवलीतच एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या. सकाळी सातला उभ्या राहायच्या ते दुपारी चारपर्यंत. त्या गाळ्यात तवे चार होते, बायका सहा होत्या आणि संडास नव्हता. स्टेशनाजवळच्या सार्वजनिक ठिकाणी जायचं म्हणजे वीस मिनिटं जाणार, आणि मालकीणबाई घड्याळाकडे बघणार. म्हणून त्या सहाही जणी सकाळी निघताना चहा प्यायच्या आणि मग घरी जाईपर्यंत पाणी तोंडाला लावायच्या नाहीत. चार तव्यांच्या धगीत, मे महिन्यातसुद्धा. मामी मला हे अभिमानाने सांगायच्या: "सवय झालीय हो मॅडम, मला तहानच लागत नाही." त्यांना साखरेचा त्रास होता आणि लघवीचं इन्फेक्शन वर्षातून तीनचारदा व्हायचं. मेडिकलवाल्याकडून त्याच त्या गोळ्या घ्यायच्या, तीन दिवसांत बरं वाटलं की बंद.

नवं मशीन आलं त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत गोळ्यांनी बरं वाटलं नाही. थंडी वाजून ताप आला. मामी दोन दिवस तशाच पोळ्या लाटायला गेल्या, कारण लग्नसराईची ऑर्डर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी करिश्माने चहा दिला तर त्या तिला म्हणाल्या, "तू कुणाची गं?" आंबिवलीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि हात वर केले. दुपारपर्यंत मामी ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होत्या, तोंडात नळी आणि मानेत सुई घेऊन. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. सेप्टिक शॉक.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिथले आयसीयूचे डॉक्टर विनीत कारखानीस, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस, मामांना आणि करिश्माला बाकड्यावर बसवून समजावत होता. बोलणं सरळ होतं, मला आवडलं. तो म्हणाला, "आळीत चोर शिरला की लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात. पण कधी कधी काय होतं, चोर राहतो बाजूला आणि लोक अंधारात एकमेकांचीच डोकी फोडत सुटतात. तुमच्या मिसेसच्या शरीरात आता ते चाललंय. जंतूंना आम्ही औषध दिलंय. पण त्यांचं स्वतःचंच शरीर इतकं भडकलंय, की त्यात किडनी, फुप्फुसं सगळी भरडली जातायत."

मग त्याने तिथे चाललेल्या एका स्टडीबद्दल, म्हणजे संशोधनाबद्दल, सांगितलं. मेंदूतून एक लांबलचक नस निघते, गळ्यातून उतरून छातीत आणि पोटात जाते. तिला व्हेगस म्हणतात. शरीराचा हा भडका आवरता घ्यायचा निरोप तिच्यामार्फत जातो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. त्या नसेची एक बारीक फांदी कानाच्या पोकळीत येते. तिथे चिमटा लावून अगदी हलका करंट दिला, तर माणसातला भडका शमतो का, हे ते तपासत होते. दिवसातून चार वेळा, अर्धा अर्धा तास. निम्म्या पेशंटच्या चिमट्यातून करंट जाणार आणि निम्म्यांच्या नाही. करंट देणारी डबी सगळ्यांची सारखीच, दिवा सगळ्यांचा हिरवाच. कुणाला कुठली मिळाली हे नर्सला माहीत नसतं, त्याला स्वतःलाही नसतं. बाकीचे उपचार सगळ्यांना तेच. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं. आणि सगळं संपलं की घरच्यांना ते सांगणार, की आपल्या माणसाला खरं काय मिळालं होतं.

मामांचा चेहरा मी बघत होते. 'निम्म्यांना नाही' हे ऐकल्यावर तो उतरला. करिश्मा म्हणाली, "बाबा, करा ना सही. नुकसान तर काही नाहीये." मामांनी सही केली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, करंटचंच काम आहे म्हणजे आपल्याच ओळखीतलं." त्या बिचाऱ्याला तेवढ्याने धीर आला होता.

हॉस्पिटलातल्या तिसऱ्या दिवशी मामींची तब्येत किंचित सावरल्यासारखी झाली होती. बीपी टिकवणारं औषध थोडं कमी करता आलं होतं, झोपेचंही कमी केलं होतं. डॉक्टर मात्र बेतानेच बोलत होते; लघवी अजून होत नव्हती. सकाळी मामांना दहा मिनिटं आत सोडलं. मामींच्या डाव्या कानाला चिमटा होता, उशाशी डबी, डबीवर हिरवा दिवा. नर्स शेजारच्या पलंगाकडे वळली. आणि मामांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. चिमटा मामींच्या कानावरून काढला आणि स्वतःच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला.

काहीच आलं नाही. त्यांनी तो सरकवून पाहिला, दाबून पाहिला, मनातल्या मनात साठ मोजले. मग पुन्हा कानाला लावला, बाहेर आले आणि मला फोन केला.

मी क्लिनिकमध्ये होते. तीन पेशंट खोळंबलेले, एकाच्या मानेला वजन लावून ट्रॅक्शन चालू. मामा म्हणाले, "मॅडम, मी लावून बघितला. मनगटावर शून्य. म्हणजे डमीच ना?" मी म्हटलं, "असेल मग डमी." आणि वर म्हटलं, "मामा, पण त्याने उपचारांत काही फरक पडत नाही." पण हे दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. पहिलं ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडमनी त्यांच्या मनगटाला दुजोरा दिला होता. मी फोन खाली ठेवला आणि ट्रॅक्शनचं वजन वाढवायला गेले. त्यांचं गेंड्याचं मनगट मला त्या क्षणी आठवलंच नाही. आठवलं ते महिन्याभराने, अंघोळ करताना, आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

पुढचं मला करिश्माने सांगितलं. मामा तडक डॉक्टर कारखानीसांकडे गेले आणि म्हणाले, "तुमची डबी बंद आहे."

डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही, काका. मला माहीत नसावं अशीच व्यवस्था आहे."

"मला माहितीय ना. मी पण हेच काम करतो. दिवा लावून समोरच्याकडे असंच बघतो."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं की चिमटा असला नसला तरी औषधं तीच राहतील, घाई करू नका. करिश्मा म्हणाली, "बाबा, राहू दे ना. आई जरा बरी आहे आज." पण मामांच्या डोक्यात एकच बसलं होतं. ते मोठ्याने बोलणारे नव्हेत, त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये लोक वळून बघायला लागले. "तिने जन्मभर सगळ्यांचं ऐकून घेतलं. तहान लागली तरी नाही म्हणाली. आता मरायला टेकलीय तर तिच्याशी असला खेळ नको. मला बाहेर पडायचंय."

डॉक्टरांनी कागद दिला. मामांनी त्यावरही सही केली. नर्स चिमटा काढायला निघाली तर म्हणाले, "मीच काढतो." ते आत गेले, पाचेक मिनिटांनी बाहेर आले आणि हात धुवायला गेले. करिश्मा म्हणते, त्यांनी फार वेळ हात धुतले.

चौथ्या दिवशी बीपीचं औषध पुन्हा वाढवावं लागलं. पाचव्या दिवशी दुपारी मामी गेल्या. किडनी आधीच गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. डायलिसिस त्यांचं बीपी सोसू शकलं नसतं. हे सगळं खरंच असणार. करिश्माने वडिलांना एका शब्दाने दोष दिला नाही, पण पोळीभाजी केंद्रातल्या बायका भेटायला आल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली आणि मामा बाहेरच्या खोलीत. त्या घरात तेव्हापासून ती दोघं एका खोलीत फारशी बसली नाहीत. सहा महिन्यांनी तिने ठाण्यात मैत्रिणींबरोबर जागा घेतली. ऑफिस लांब पडतं म्हणाली.

मामा पंधराव्या दिवशी कामावर आले. दारात खुर्ची मांडायचे, पण जिन्यातल्या व्यायामाचं बोलायचे नाहीत. काही दिवसांनी रंभाकाकू आल्या, नेहमीसारख्या पालथ्या झोपल्या आणि म्हणाल्या, "लाव रे मारुती मशीन." मामा म्हणाले, "काकू, तुम्हाला मशीन चालत नाही. मी इतके दिवस वायर लावतच नव्हतो." मी पडद्याच्या अलीकडे होते. मग काकू उठल्या, पदर नीट केला, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. मामांनी तेच केलं होतं जे मी त्यांना इतकी वर्षं सांगत होते, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा मात्र मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "मामा, त्या दिवशी फोनवर मी घाईत बोलले. तुमच्या मनगटाला कमी लागतं हे मला माहीत होतं."

ते म्हणाले, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? बंदच होतं ते." त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मी पुढच्या पेशंटची फाईल उघडली. ती खात्री हाच त्यांचा आधार होता. डबी बंद होती, म्हणजे त्यांनी बायकोचं काही हिरावून घेतलं नव्हतं. त्यावर ते रोज सकाळी उठत होते, आंबिवलीहून डबा बांधून येत होते.

सव्वा वर्षाने हॉस्पिटलचा फोन आला. स्टडी संपला होता, ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी यावं. मी मामांना म्हटलं, नाही गेलात तरी चालेल. ते म्हणाले, "कळलेलं बरं. करिश्मालाही सांगता येईल." त्यांना वाटत होतं की तो कागद मुलीपुढे ठेवला की घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी सोबत गेले.

डॉक्टर कारखानीस आता जास्तच थकलेले दिसत होते. त्यांनी मामींचं नाव, नंबर दोनदा ताडून पाहिला. मग कागद आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "काका, त्यांना करंटची डबी होती. चालू होती."

मामा म्हणाले, "नाही हो. मी स्वतः बघितलं. मनगटावर."

डॉक्टर म्हणाले, "मनगटावर नाही कळणार. अगदी बारीक करंट आहे तो, आणि कानातली कातडी पातळ असते. कानात मात्र जाणवतो. शुद्धीवरचे लोक सांगतात, मुंगी फिरल्यासारखं वाटतं."

मी विचारलं, "त्याने फरक पडला असता का?" कुणीतरी विचारायला हवं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "दोन्ही गटांत फार फरक दिसला नाही. पेशंट थोडे होते, त्यामुळे नाही असंही ठामपणे म्हणता येत नाही. वासंतीताईंच्या बाबतीत मी काहीच सांगू शकत नाही. त्या कदाचित तशाही गेल्या असत्या." मग मामांकडे बघत, "काका, याचं ओझं घेऊ नका." चांगला माणूस. पण 'कदाचित' घेऊन माणसाने घरी कसं जायचं?

मामा कागदाकडे बघत बसले. मला वाटलं ते रडतील, किंवा उठून जातील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग मला म्हणाले, डॉक्टरांना नव्हे, मला, अगदी कामाचं काही सांगावं तशा आवाजात, "मॅडम, मी चिमटा काढला ना, तेव्हा तिने माझं बोट पकडलं होतं. सोडतच नव्हती. मला वाटलं, तिला बरं वाटलं काढल्यावर."

मी मामांच्या हातावर हात ठेवला.

"मी सोडवून घेतलं," मामा म्हणाले. "एकेक बोट सोडवलं तिचं."